खालच्यांचा घास

१२ नोव्हेंबर २००७

आज सामानासकट आमची रवानगी झाली. हडपसरच्याही पुढे, डोंगर पोखरून उभारलेल्या या वसाहतीचं नाव 'कॅनियन क्रेस्ट'. मागे एक खोल घळ आहे. गावातले लोक तिला घळच म्हणतात. बिल्डर एकदा अमेरिकेला जाऊन आला, म्हणून तिची कॅनियन झाली.

चिरंजीव पुष्कर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, सूनबाई उत्कर्षाही. दोघं घरी फक्त झोपायला येतात. नातीला, ओवीला, दिवाळीची सुट्टी. तिच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून माझी शनिवार पेठेतली जागा सुटली. 'तुम्हाला मोकळी हवा मिळेल, बाबा,' असं मला सांगण्यात आलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे. कोणत्या वाक्याचा काय अर्थ असतो ते मला कळतं.

तरी सातव्या मजल्यावरची गॅलरी उत्तम आहे, हे मान्य. ओवी सहा वर्षांची आहे आणि या घरात माझ्याशी सरळ मराठीत बोलणारी ती एकटीच. संध्याकाळी तिला घेऊन घळीच्या काठापर्यंत फिरून आलो. तिथे एक बाक आहे. खरंच बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

बाकाशेजारी एक सपाट दगड आहे. त्यावर रोज संध्याकाळी कोणीतरी भाकरी, कांदा, पिठलं ठेवून जातं. मुंग्या आणि वास यांची सोय आपोआप होते. आज तो दानशूर सापडला. रंगराव. ही सगळी जमीन पूर्वी त्यांची. आता गळ्यात सोन्याचा साखळदंड आणि बुडाखाली स्कॉर्पिओ. भाकरी मात्र स्वतःच्या हातानं आणून ठेवतात.

विचारलं, तर म्हणाले की घळीत 'खालचे' राहतात. आपण जेवायच्या आधी त्यांचा घास बाहेर वाढायचा, म्हणजे ते घरी येत नाहीत. "लई जुनी रीत हाय मास्तर. तुमी नवीन हाय, तुमाला ठावं नाय."

गाडी नवी आली, अक्कल मात्र बैलगाडीतच राहिली. मी नमस्कार करून निघालो. ओवीनं वाटेत विचारलं की खालच्यांना भाकरी आवडते का. म्हटलं, त्यांनाच विचार.

१७ नोव्हेंबर

भाकरीची तक्रार घेऊन गेलो, तर सोसायटीच्या ऑफिसातल्या टायवाल्यानं 'ईमेल टाका अंकल' असा सल्ला दिला. मी त्याचा अंकल नाही. त्यापेक्षा रंगाचा डबा आणि पत्रा आणला आणि वळणदार अक्षरात पाटी लिहिली:

'येथे अन्न ठेवू नये. ज्यांना भूक लागली असेल त्यांनी सी इमारतीत, सदनिका ७०४ येथे जेवायला यावे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.'

दगडाशेजारी ठोकली. वॉचमनला सांगून ठेवलं की दिसेल ती भाकरी उचलून टाकायची.

संध्याकाळी रंगराव आले. पाटी वाचली आणि तोंडचं पाणी पळालं. मास्तर, तुमी खालच्यांना बोलावणं धाडलंय, असं म्हणू लागले. त्यांना समजावून सांगितलं की याला उपरोध म्हणतात आणि तो कळायला थोडं शिक्षण लागतं. स्कॉर्पिओत बसून गेले. आज जेवण छान गेलं.

१९ नोव्हेंबर

कालपासून बेल वाजते. दार उघडावं, तर बाहेर कोणी नाही. आयटीवाल्यांची कार्टी, आई-बाप कंपनीत आणि संस्कार केबलवर सोडलेले. समोरच्या बाईंना सुनावून आलो. त्यांना मूलच नाही, असं नंतर कळलं. असो.

पायपुसण्यावर ओला मुरूम पडलेला असतो. पाऊस जाऊन महिना झाला. लिफ्टला भिजलेल्या कातळाचा वास येतो.

एक गोष्ट मात्र आहे. दुपारी एक ते चार बेल वाजत नाही. जो कोणी आहे, त्याला वाचता येतं. या वसाहतीत हेही विशेषच.

२१ नोव्हेंबर

आज बेल वाजल्यावर दार न उघडता भिंगातून पाहिलं. जिन्यात ऊन होतं. त्या उन्हात कोणीतरी उभे होते. एक नव्हे. छताला पाठी लागल्या होत्या, म्हणून वाकलेले. तोंडं दिसली नाहीत. हात गुडघ्यांच्याही खाली.

मला भीती वाटली. इथे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

ओवी म्हणाली, ते चांगले आहेत, दाराला हात लावत नाहीत, 'आजोबांनी बोलावलंय' एवढंच म्हणतात. मला काही ऐकू आलं नव्हतं.

रात्रीच्या पोळ्या दाराबाहेर ठेवल्या. कोणी शिवलं नाही. पुष्करला सांगितलं. त्यानं माझं ब्लडप्रेशर तपासायचं ठरवलं आणि अमेरिकेशी बोलायला गेला.

२२ नोव्हेंबर

रंगरावांकडे गेलो. हात जोडले. हसले असते तर परवडलं असतं, ते हसले नाहीत.

म्हणाले, बोलावून आणलेला पाव्हणा उंबऱ्याबाहेर जेवत नसतो. घरात आले की वाढावं लागतं, ते पुरे म्हणेपर्यंत. "आन् वाढणाऱ्याचं पातेलं रितं झालं, तर वाढणाऱ्यालाच नेत्यात."

उपाय विचारला. उद्या गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन घळीवर येतो, तोवर दार उघडू नका आणि पाटीला हात लावू नका, असं बजावलं. का लावू नका, ते त्यांनाही धड सांगता येईना.

का ते माहीत नाही, पण करू नका! वर्गात असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभा करत असे.

२३ नोव्हेंबर, सकाळ

पुष्कर-उत्कर्षा गेल्यावर पाटी उपटून आणली. निमंत्रण रद्द. रंगरावांच्या म्हाताऱ्यांची वाट बघायचं कारण नाही. ओवीला बजावलं की दार उघडायचं नाही. आमच्या दोघांपुरता भात लावला. मी नेहमी बेतानंच लावतो.

जेवलो. आता जरा पडतो. या वेळेला ते येत नाहीत.

त्याच दुपारी

बेलनं जाग आली.

एक ते चार वाजवू नये, हे पाटीवरच होतं. ती मनाई मीच काढली. बोलावणं मात्र आधीच पोचलेलं—

दाराची कडी. ओवीचा हात आता कडीला पोचतो, हे माझ्या लक्षातच—

'या, बसा,' म्हणते आहे. किती नीट बोलते. मीच शिकवलं.

पुष्करला फोन लावला. मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो म्हणाला.

पाय उचलत नाहीत. हात चालतोय, म्हणून लिहितो— अंगात जीव आहे एवढं तरी कळतं—

ताटं मांडली. पुष्कळ ताटं. जमिनीवर बसले असावेत, फरशी दणकली. वास इथपर्यंत—

ती वाढते आहे. खुशीत आहे. भात घ्या, वरण घ्या—

भात दोघांचा होता. त्यातला उरलेला—

डाव पातेल्याच्या बुडाला लागतोय. खरवडल्याचा आवाज—

'अजून देते हं, थांबा,' म्हणाली. आवाज बारीक झालाय. मला हाक मारली. एकदाच.

डाव तिच्या हातातून घेतला, की वाढणारा मी. ती नाही. मी. एवढंच करायचं आहे. चार पावलांवर तर—

परत खरवडलं. आता काही निघालं नाही.

उठलो. भिंतीला वही टेकवून उभा आहे. ओवीच्या हातातला डाव मी घे—