चेंडू भुरीलेच आणू दे

निवृत्तीला मलकापूरहून नागपूरची गाडी धरायची होती. धाकटी बहीण कोकिळा दुपारी धाड गावाहून यायची होती, म्हणून त्यानं चिठ्ठी लिहिली.

"कोकिळे,
लकव्यानं कमजोर झालेल्या हातानं पुष्पानं रोज चेंडू फेकावा, असं डॉक्टर म्हणाले. पण तू चेंडू उचलून देऊ नको, भुरी मांजरीलेच आणू दे. महिनाभर सायीचं बोट चाटवून शिकवलं मी तिले. भुरीनं तोंडात धरून आणला की पुष्पा हसते अन् पुन्हा फेकते. माणसानं दिला तर ओशाळते. मी लग्नाले गेलो असंच तिले सांग. माझ्या गळ्यातली गाठ काढाची हाये, हे कळू देऊ नको."

त्यानं पिशवी उचलली, तशी खाटेवरून त्याची बायको पुष्पा म्हणाली, "लग्नाले चालले, अन् दोन्ही धोतरं जुनीच काऊन घेतली?"

तिनं डाव्या हातानं त्याची बाही धरली.

"गळ्यातल्या त्या गाठीचं ऑपरेशन हाये काय?"

"हाव."

पुष्पा तोंड फिरवून रडली. निवृत्तीनं चिठ्ठीतली शेवटची दोन वाक्यं खोडली आणि खाली लिहिलं, "माझ्या ऑपरेशनचं तिले समजलं हाये. आल्याबरोबर तिच्याजवळ बस."