दहा साखळ्यांचा घोळ

मुक्काम : ओहायो नदीच्या उत्तरेला, गळका तंबू
१४ सप्टेंबर १८०९

तीर्थस्वरूप मेहिटेबलताईस,

धाकट्या जोथमचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नसल्याने यंदा सातच अंगांचा समजावा). तुझे सांधे, भावोजींचा खोकला आणि करडी गाय ठीक असतील अशी आशा करतो. मी बरा आहे. म्हणजे हिवताप दिवसाआड येतो आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं होतं.

तू विचारतेस, सैन्यात बत्तीस वर्षं काढूनही मी अजून कॅप्टनच कसा. एकोणिसाव्या वर्षी बंदूक खांद्यावर घेतली ती जनरल व्हायचं ठरवूनच. पण पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी कळलं की मला त्रिकोण काढता येतो (तूच शिकवलेला, चुलीपुढच्या राखेत). झालं, हातातली बंदूक गेली आणि कागद आला. मी काढलेल्या पहिल्या नकाशाच्या भरवशावर अख्खी पलटण कमरेपर्यंत दलदलीत उतरली. शत्रूला आम्ही सापडलोच नाही, म्हणून कर्नलने पाठ थोपटली. पुढच्या बढत्या मिळाल्या त्या वरचे लोक तापाने गेले म्हणून. लढाई संपल्यावर रान मोजायला पाठवलं, आणि तेव्हापासून जिथे धड चालताही येत नाही अशा रानात मी सरळ रेघा मारतो आहे. खारवलेलं डुकराचं मांस, ओले बूट आणि डास. लग्न करायचं राहून गेलं ते यातच.

आता मुख्य दुःख. येत्या सोमवारी मला कोर्टात एका झाडाला ओळख द्यायची आहे, किंवा नाकारायची आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी नदीपासून पूर्वेला ऐंशी साखळ्यांची रेघ मोजली (आमची साखळी सहासष्ट फुटांची) आणि टोकाच्या ओकच्या झाडावर कुऱ्हाडीने खूण केली. मोजायची आमची रीत अशी : पुढचा गडी लेव्ही दहा लोखंडी खुंट्या घेऊन चालायचा आणि दर साखळीला एक रोवायचा. मागून येणारा एनोस त्या उपटत यायचा. दहा जमल्या की त्या पुढे द्यायच्या आणि एनोसने कमरेच्या वादीला एक गाठ मारायची. आठ गाठी झाल्या की थांबायचं. पाचवी गाठ मारायची वेळ आली आणि एनोसने पाय घातला तो नेमका जमिनीतल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यात. तिघेही पळालो (अधिकारी या नात्याने मी सर्वांत पुढे). परतलो तेव्हा दहाही खुंट्या लेव्हीच्या हातात.

लेव्ही म्हणाला, "दहा झाल्या म्हणूनच माझ्याकडे आल्या ना!"

एनोस सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "मग गाठ कुठंय? दाखव की गाठ!"

मला हुडहुडी भरली होती आणि दोघांची तोंडं बंद करायची होती. मी लष्करी निकाल दिला : गाठ नाही तर दहा साखळ्याही नाहीत, चारच गाठी धरून पुढे चला. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर परतीच्या वाटेवर पावलं मोजली, तेव्हा कळलं की आपला ओक ऐंशीवर नाही, नव्वदावर आहे. पण तोवर मोजणीची वही वरिष्ठांकडे गेली होती. आठवड्याने शाबासकी आली, की इतकी नेमकी रेघ आजवर पाहिली नाही. ताई, उभ्या आयुष्यातली ती एकच लेखी शाबासकी. मी गप्प बसलो.

त्या ओकपर्यंतची जमीन डोन नावाच्या माणसाने घेतली, ओकशेजारच्या झऱ्याजवळ घर बांधलं, आणि गेल्या वर्षी तो वारला. आता शेजारचा मेजर कॉर्बिन म्हणतो, कागदावर ऐंशी आहेत, म्हणजे घर, झरा, मका, सगळं माझ्या हद्दीत. आमच्याकडे कागद आणि खुणेचं झाड यांचं जुळलं नाही तर झाडाचं खरं धरतात. पण खुणेवर साल चढून ती दिसेनाशी झाली आहे. हे झाड माझंच, असं मी म्हटलं तर डोनबाईचं घर वाचतं आणि माझी रेघ साडेसहाशे फुटांनी चुकलेली ठरते. मग मी मारलेली प्रत्येक रेघ लोक पुन्हा मोजायला काढतील.

काल ती मक्याची लापशी घेऊन तंबूवर आली.

"कॅप्टन, झाड तुमचं आहे का नाही, एवढंच सांगा."

"बाई, ओक सगळे सारखेच दिसतात हो."

"माझा नवरा त्याच्याखाली पुरलाय. मेजर म्हणतो, उचलून पलीकडे न्या. माणूस म्हणजे काय तुमची खुंटी आहे, इथनं उपटली नि तिथं रोवली?"

मी लापशी तेवढी वाडगं पुसून खाल्ली, आणि त्याची लाज अजून जात नाही.

तरीही माझं ठरलं आहे. झाड ओळखीचं नाही, असं सांगणार. पन्नाशी उलटलेल्या, बायको ना पोर अशा माणसाकडे नावाखेरीज असतं तरी काय? तू रागावशील, पण लांबून रागावशील एवढाच दिलासा.

तुझा,
जोथम

ता. क. : पश्चिमेच्या नव्या मुलखासाठी मुख्य भूमापक नेमायचा आहे, आणि नेमणारे गृहस्थ भावोजींचे स्नेही आहेत असं ऐकतो. भावोजींनी दोन ओळी लिहाव्यात. त्यात 'निष्कलंक कारकीर्द' हे शब्द आले तर बरं. खरं सांगायचं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी ता. क. : पुरामुळे टपालवाला आठवडाभर अडकला, म्हणून पत्र पुन्हा उघडतो आहे. सोमवार होऊन गेला. मी 'ओळखत नाही' म्हणायलाच गेलो होतो. पण मेजर आधी उठला आणि माझ्या अचूकपणाचं असं काही कौतुक करू लागला की मला ती जुनी शाबासकी आठवली आणि मी मध्येच उठलो. मी कुऱ्हाड मागितली. सगळे ओकपाशी गेलो. उत्तरेच्या अंगाला, छातीच्या उंचीवर घाव घातले. चार बोटं आत माझी खूण निघाली, काळी पडलेली. डोनबाई रडली. मीही रडलो, पण ते घाम पुसण्यात खपून गेलं.

काम त्याच संध्याकाळी काढून घेतलं. तेव्हा भावोजींनी त्या गृहस्थांना काही लिहू नये. त्याऐवजी त्यांच्या गिरणीत एखादी जागा असेल तर कळव. पोती उचलेन, दळण टाकेन, उंदीर मारेन. पोती मोजायला मात्र दुसरं कुणी बघा.