रेघेचं ताट

आई,

कोराडीच्या क्वार्टरच्या मागच्या दारात तू बसली आहेस आणि तुझ्या अंगावर काविळीची माळ आहे. मौद्याच्या वैदूने कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठून दिलेली. सकाळी कपाळावर होती, आता खांद्यावर उतरली आहे. पायाशी आली की कावीळ गेली, असं त्याने सांगितलेलं. मी दोरीवरचा कॉन्व्हेंटचा युनिफॉर्म काढून त्यावरची वीज केंद्राची राख झटकते आहे आणि तुला शहाणपणाने समजावते आहे की मुळीचे तुकडे सुकतात म्हणून गाठी सैल होतात. तू चिडत नाहीस. "सैल होऊन राहिली ना? मंग होऊ दे," एवढंच म्हणतेस.

माळ पायाशी आली, कावीळ मात्र परत परत आली. मग तू तुझं ताट वेगळं केलंस. स्टीलच्या ताटाच्या काठावर खिळ्याने रेघ ओढलीस, म्हणजे ते आमच्या ताटांत मिसळायला नको. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेले बाबा त्या दिवशी जेवता जेवता उठले. मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ज्यायच्या घरी आपलं ताट वेगळं होतं त्यायले सोडून आलो आपण. अन् तू माह्या घरात वेगळं ताट मांडून राहिली?" तू भाकरी मोडत राहिलीस. "ते त्यायनं ठेवलं होतं," म्हणालीस, "हे मी ठेवलं. पोरीसाठी."

तुझी कावीळ ज्या विषाणूची होती तो जेवणातून पसरतच नाही, आई. हे मला तू गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, लेक पोटात असताना माझ्या रक्तात तोच निघाला तेव्हा. बहुतेक जन्माच्या वेळी आईकडून आला असेल, असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, जणू मला तुझा राग येईल. लेकीला जन्मतःच दोन इंजेक्शनं दिली आणि ती सुटली. मी मात्र सगळं समजूनही घरी आल्यावर तुझं रेघेचं ताट काढलं आणि आजपर्यंत त्यातच जेवते. हुडकेश्वरला लेकीच्या घरी गेले तरी पिशवीत असतं. नात माझ्या ताटातल्या पापडाला हात घालते, तेव्हा मी ताट मागे ओढते. लेक म्हणते, "आई, तू शिकलेली आहेस ना?" शिकलेली आहे. पण हात ऐकत नाही.

रोज गोळी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि मग रिपोर्टची वाट. यातच निम्मं आयुष्य गेलं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी कागदावर पेशी काढून दाखवली. विषाणू यकृताच्या पेशीच्या अगदी गाभ्यात स्वतःच्या जनुकांचं एक कडं ठेवून बसतो. गोळी त्याला वाढू देत नाही, पण हलवूही शकत नाही. आता जनुकांना कात्री लावणारं औषध निघतं आहे, ते आत शिरून ते कडंच कापतं. परदेशात थोड्या लोकांवर चाचणी चालू आहे. "इथे सुरू झाली तर तुमचं नाव कळवू का, काकू?" कात्री चुकीच्या जागी लागली तर, असं मी विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. तो धोका आहे, कितपत ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही, म्हणाल्या. लेकीचं म्हणणं, गोळीवर चाललंय ना, मग कशाला?

तिला कसं सांगू की मी आजाराला नाही, सांभाळून राहण्याला दमले आहे. आणि तुझ्याकडून जन्माबरोबर आलेलं, इतकी वर्षं माझ्यात राहिलेलं काही कुणी कापून काढणार, या विचाराने एक संध्याकाळ मी नुसती बसून होते. हे वेडेपणाचं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, काहून जपून राहिली वं त्याले, टाक काढून.

म्हणून आज सकाळी डॉक्टरांना फोन करून हो म्हटलं.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? राहील कपाटात, आणि माझं काही बरंवाईट झालं तर लेकीला सापडेल. तेव्हा तिच्यासाठी इथेच लिहून ठेवते. शिलाई मशीन तिने घ्यावं. तुझं पांढरं लुगडं नातीला, मोठी झाल्यावर. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांकडे परत द्याव्यात. रेघेचं ताट आठवण म्हणून वेगळं ठेवायचं नाही. बाकीच्या ताटांत मिसळून टाकावं, ज्याच्या हाताला लागेल त्याने त्यात जेवावं.

फोन ठेवल्यावर मीच ते मिसळायला गेले होते, आई. सगळ्या ताटांच्या मधे सरकवलं, फडताळ लावलं. दुपारी जेवायला बसताना परत शोधून काढलं.