मंजिरी बार्बेडोसला जाते

५ ऑगस्ट २००७, रविवार. साउथहॅम्प्टन
बेसिंगस्टोकहून मंजिरीचा फोन. लग्नाला सात वर्षं झाली म्हणून ती आणि जयंत पंधरा दिवस बार्बेडोसला. इथल्या फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, आणि मी असताना कशाला, म्हणाली. मी हाडांची डॉक्टर. आपल्या लोकांत डॉक्टर म्हणजे डॉक्टर.

सांगितलं. हिपॅटायटिसची लस. अंधारात बीचवर नको. मंगळसूत्र घरी ठेव. वादळांचा मोसम आहे. जरा जास्तच रंगवलं. ती हसली.
मग डास. तिथे डेंग्यू असतो, म्हटलं.
'तो मला झालाय की हॉस्टेलवर. आता काय परत होतोय?'
मी 'हं' म्हटलं.

७ ऑगस्ट
परत होतो. दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट होऊ शकतो. बहुतेकांना होत नाही. तरी सांगायला एक वाक्य पुरे.

११ ऑगस्ट, शनिवार
त्यांच्याकडे जेवण. जयंतने फुलाफुलांचा नवा शर्ट घालून दाखवला. बाह्या मंजिरीने दुमडल्या.

पुण्यात हॉस्टेलवर असताना ती डेंग्यूने फणफणली होती तेव्हा जयंतला तिच्या वॉर्डात मीच नेलं. तेव्हा तो माझ्याबरोबर असायचा. तिसऱ्या दिवशी एकटाच गेला. मी पोचले तर तिच्यासाठी मोसंबं सोलत बसलेला.

निघताना दारात ते वाक्य तोंडाशी आलं. तेवढ्यात तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली — मी गाडी काढली.

१६ ऑगस्ट, गुरुवार
आज त्यांची फ्लाइट. सकाळी तिला मेसेज: 'डासांचं औषध दिवसाही लाव.' कारण लिहिलं नाही. उत्तर आलं: 'बरं, सासूबाई.'

२५ ऑगस्ट, शनिवार
दुपारी जयंतचा फोन, हॉटेलमधून. कालपासून मंजिरीला ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय. बॅगेतल्या आयबुप्रोफेनच्या दोन गोळ्या घेतल्यात. त्या बंद कर, म्हटलं. फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी. आत्ताच हॉस्पिटलात ने. डेंग्यू आधी होऊन गेलाय हे तिथे सगळ्यात आधी सांग.
'पण तो परत होत नाही ना? ती म्हणते तुला विचारलं होतं.'
होतो, म्हटलं. दुसरा जास्त वाईट होऊ शकतो.
मग, 'हे तुला तेव्हा माहीत होतं?'
हो म्हटलं. टॅक्सी आली. त्याने फोन ठेवला.

२६ ऑगस्ट
तिला दाखल केलंय, एवढा मेसेज. रक्ताचा रिपोर्ट यायचाय. मी तीनदा फोन केला. तो उचलत नाही.

काल सहा मिनिटं बोलला. फक्त माझ्याशी, मंजिरी मध्ये नाही, असं किती वर्षांनी. हेही लिहून ठेवते.