वरच्या गावची गाडी

२ सप्टेंबर, मंगळवार

मोठा टँकर! वरच्या गावाला आता मोठा टँकर द्यायचा म्हणे! ताबिश सकाळी माझ्या टेबलापाशी आला आणि मॅनेजर लोक वाईट बातमी देताना काढतात तो गोड आवाज काढून म्हणाला, "हेलनजी, वो पहाड़वाली गाड़ी का प्लॅन थोड़ा चेंज हो रहा है." फायरची गाडी दान देणारे मत्रहच्या बाजारातले अरब व्यापारी, मूळचे त्याच गावचे. त्यांना गाडी मोठी हवी, लालभडक हवी, नॅशनल डेच्या आधी हवी, आणि वेशीवर फोटोत उठून दिसायला हवी.

फोटोत दिसेल. गल्लीत शिरणार नाही.

कॉस्मास असता तर वर्कशॉपमधून ग्रीसच्या हातांनी तसाच रुवीच्या ऑफिसात येऊन ओरडला असता. इतकी वर्षं आम्ही नवरा-बायको एकाच कंपनीत. मी ऑफिसात बसून ठरवायचं, कुठल्या फायरच्या गाडीला कुठला पंप, किती होजपाइप, कोणती शिडी. त्याने ती गाडी बांधायची. आणि जेवताना भांडायचं — "तुझ्या कागदावर सगळं मावतं गं, माझ्या गाडीत मावत नाही!" आता भांडायला समोर कोणी नाही. ताबिशला "बघते" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

३ सप्टेंबर

झोप नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मिस्सा. फादरनी कॉस्मासचं नाव घेतलं. जुलैत गेला तेव्हापासून दर महिन्याला घेतात, आणि दर वेळी मला वाटतं दुसऱ्याच कोणाचं घेतायत. सकाळी बूट घालायला बसला आणि उठलाच नाही. एक बूट पायात, एक हातात. शवपेटी विमानाने वसईला नेली, आमच्या चर्चच्या आवारात ठेवलं त्याला, आणि पोरीची, नॅटलीची, बारावी म्हणून मी इकडे परत आले. सगळे म्हणाले, हेलन खंबीर आहे. डोंबलाची खंबीर!

वरच्या गावची गाडी त्याची शेवटची. छोटी, पिकअपच्या चेसिसवर. गाव डोंगरात, खजुराच्या बागा आणि मातीची जुनी घरं एकमेकांना चिकटून. सरकारी बंब खालच्या रस्त्याने येईपर्यंत सगळं जळून खाक, म्हणून गावच्या पोरांनी आपलीच टोळी केली — कोणी मास्तर, कोणी ड्रायव्हर, पगार नाही काही नाही. त्यांचा पुढारी कासम. मागच्या वर्षी त्याच्या मामाची बाग गेली, बादल्या घेऊन धावत होते बिचारे.

कॉस्मासची एक पद्धत होती. गाडी आखायच्या आधी गाडीच्या रुंदीएवढा, आरशांसकट, प्लास्टिकचा पाइप कापायचा. तो आडवा धरून स्वतः गल्लीतून चालायचं. कुठे पाइप भिंतीला लागला की तिथे खडूची खूण. टेपवर त्याचा विश्वास नव्हता. जुलैच्या सुरुवातीला तसाच वरच्या गावात गेला होता. आला तो घामाघूम, पण खूश. "जाते गं गाडी. शेवटच्या घरापर्यंत जाते."

आणि हे निघाले टँकर द्यायला.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मी काय केलं ते नॅटलीला सांगितलं तर म्हणाली, "मम्मा, तू मॅड आहेस!"

वर्कशॉपमध्ये कॉस्मासचा तो पाइप अजून कोपऱ्यात उभा होता. उचलला. टॅक्सीत घातला, अर्धा खिडकीबाहेर. ड्रायव्हर कुरकुरला, त्याला गप्प केलं. मत्रहच्या सूकमध्ये, भर बाजारात, तो पाइप उभा धरून चालले — पर्यटक बघतायत, उदबत्तीवाले बघतायत — आणि व्यापाऱ्यांच्या दुकानात शिरून त्यांच्या गालिच्यावर आडवा ठेवला.

"अर्बाब," म्हटलं, "आप के गांव की गली इतनी है. टँकर इस से बड़ा है. टँकर गांव की कमान पर खड़ा रहेगा, घर ऊपर जलेगा."

म्हातारे दाढी कुरवाळत बसले. मग विचारलं, "कॉस्मास ने नापा?"

"हां."

"खुद? ऊपर तक?"

"खुद. आख़िरी घर तक," मी म्हटलं. कशी ठासून म्हटलं! जणू त्याच्या शेजारून मीही चालत गेले होते.

त्यांनी कहवा मागवला. पाइपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खलास. छोटी बनाओ."

घरी आल्यावर त्याच्या फोटोसमोर पाइप उभा केला. म्हटलं, जिंकलास. मग जमिनीवरच बसून राहिले.

१७ सप्टेंबर

वर्कशॉपला गेले. बाळकृष्ण आता फोरमन आहे — गुहागरचा, कॉस्मासच्या हाताखाली तयार झालेला, त्याला मास्तर म्हणायचा, मला वैनी म्हणतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना लॉकरच्या चौकटी उभ्या आहेत, बाहेर उघडणारी दारं लावायला. त्या कॉस्मासने स्वतः वेल्ड केलेल्या. जायच्या दोन दिवस आधीच्या. त्याची वेल्डिंग लगेच ओळखू येते, एकसारखी, कुठे डाग नाही. हात लावून बघितलं. मूर्खासारखं वाटलं, लोखंड गरम असेल असं.

ताबिश म्हणाला, हल्ली बाजूला शटर लावतात, वर गुंडाळणारी, मागवू या का? मी म्हटलं, कॉस्मासने दारं आखलीयत, दारंच लागतील. एक बोल्टसुद्धा इकडचा तिकडे होणार नाही.

"ओके, ओके," म्हणाला. विधवेशी कोण वाद घालणार!

१ ऑक्टोबर

पंप आला. होज आले. दारं बसली. माझ्या यादीतलं सगळं मावलं — सगळं! पहिल्यांदा मावलं, आणि हे बघायला तो नाही. हरामखोर. (देवा, माफ कर.)

१२ ऑक्टोबर

नॅटलीचा ताप. ऑफिस नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कसं लिहू!

आज चाचणी होती. बाळकृष्ण गाडी चालवायला, मी शेजारी. नॅटली म्हणाली, "तू कशाला जाते?" जायचंच होतं. वळणावळणाने वर गेलो, वेशीवर कासम आणि त्याची पोरं उभी, सगळ्यांच्या अंगावर पांढरे स्वच्छ कपडे, ईद असल्यासारखे. म्हाताऱ्या दारात. गाडी गल्लीत शिरली. दोन्हीकडे भिंती. पहिलं वळण. गेली! फलजच्या पाटावरचा लहान पूल. गेली! मग गल्ली आणखी चिंचोळी झाली, बाळकृष्णने धास्तीने उगाच आरसे मिटले, तोंडाने "देवा म्हाराजा" चालू, आणि गाडी सरपटत सरपटत शेवटच्या घराशी पोचली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी रडत होते आणि हसत होते. मनात म्हटलं, बघ रे, बघ तुझी गाडी!

मग कासम म्हणाला, "यल्ला शबाब, पाणी!" — चला पोरांनो — आणि पोरं होज काढायला अंग चोरत बाजूच्या लॉकरकडे घुसली.

दार उघडलंच नाही.

म्हणजे उघडलं — वीतभर. आणि भिंतीवर आपटलं. दुसऱ्या बाजूचं, तेही वीतभर. आत होज, आत नॉझल, आत सगळं, मी एकेक निवडून भरलेलं. पोरांचे हात आत जाईनात. एकाने बोटं चेचून घेतली. गाडी गल्लीत मावली, पण दारं उघडायला गल्लीत जागाच नव्हती! पाइपने गाडीची रुंदी मोजली. उघड्या दाराची कोण मोजणार?

कासम मान खाली घालून उभा. व्यापाऱ्यांचा फोन आला, त्याने उचलला नाही.

खाली येताना बाळकृष्ण हळूच म्हणाला, "वैनी, मास्तर असं इसरायचे नाहीत हो." मी त्याला गप्प बस म्हटलं. तो विसरला होता. इतका मोठा कारागीर, आणि नवशिक्या पोराची चूक! आणि मी सूकमध्ये पाइप नाचवत गेले होते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

त्याच्यावर इतकी चिडलेय की फोटो उलटा करून ठेवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

ताबिश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "शटर आने में डेढ़ महीना लगेगा." आणि व्यापारी म्हणतात, टँकरच घेऊ, तयार मिळतोय.

म्हणजे कॉस्मासची गाडी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात उन्हात सडणार. हळूहळू सुटे भाग दुसऱ्या गाड्यांना लागणार, मला माहीत नाही का कसं होतं ते? त्याचं या देशात शेवटचं काय राहिलं तर तेवढंच, आणि तेही भंगार. आणि त्या गावात पुन्हा आग लागेल तेव्हा टँकर खाली कमानीपाशी हॉर्न वाजवत बसणार.

नॅटली माझ्या खोलीत आली. फोटो सरळ केला. म्हणाली, "डॅडा राँग होते तर काय झाला? सगळेच होतात ना राँग." मग अडखळत, मराठीतच, "तू त्यांना सेंट बनवला होता, मम्मा. मला माझे डॅडा पाहिजे होते." दोघी खूप रडलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा एकत्र.

२८ ऑक्टोबर

ठरवलं. शटरची वाट बघायची नाही. बाजूची दारं काढायची, चौकटी कापायच्या, बाजू पत्र्याने बंद. होज, नॉझल, पहिल्या मिनिटाला लागणारं सगळं मागच्या बाजूला, उघड्यावर, फक्त ताडपत्रीचा पडदा. मागे तर गल्लीच असते ना, तिथे भिंत नाही! शिडी टपावर, मागून ओढायची. माझी अख्खी यादी नव्याने मांडली. ताबिशने दोनदा वाचली. "नॅशनल डे से पहले?" म्हटलं, होईल. मग टँकरचं थांबवायला व्यापाऱ्यांना मी सांगतो, म्हणाला.

कापायचं मात्र बाळकृष्णच्या जिवावर आलं. ग्राइंडर हातात धरून उभा. "मास्तरांच्या हातची हाय वैनी. मी नाय लावणार हात." मी म्हटलं, दे इकडे. तर दिला नाही. डोळे पुसले आणि लावला. ठिणग्या उडाल्या. मी तिथेच उभी राहिले, कान झाकले नाहीत. एवढी छान वेल्डिंग, किती वेळ लागला कापायला. जोडायला त्याला जितका लागला असेल त्याहून जास्तच.

२ नोव्हेंबर, रविवार

सोल्स डे. वसईला आज सगळं गाव कबरींवर. नणंद कॅरलने फोटो पाठवला — झेंडू, मेणबत्त्या, सगळं नीटनेटकं. "तुझ्या वतीने पण लावली गं," म्हणाली. मी इथे ऑफिसात पंपाच्या गॅस्केटसाठी फोनवर भांडत होते. त्याच्याजवळ आज सगळे होते, मी सोडून.

६ नोव्हेंबर

गाडी झाली. मागून ताडपत्री वर केली की सगळं हाताशी. छान नाही दिसत. भाजीच्या टेंपोसारखी दिसते. पण दोन भिंतींच्या मध्ये उभी करून बघितली, वर्कशॉपच्या पोरांनी झटक्यात होज ओढून पाणी मारलं. बाळकृष्णने नारळ फोडला, फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, पेंटर मुस्तफाने बिस्मिल्ला म्हणून ड्रायव्हरच्या दारावर गावाचं नाव काढलं.

मला वाटलं होतं बरं वाटेल. घरी आले आणि जेवलेच नाही. इतके दिवस ती गाडी पुरी करायची होती. आता झाली. आता त्याच्यासाठी करायचं काहीच उरलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी दिली. फोटो झाले, व्यापारी हसले. शेवटच्या घरातून कासमच्या आईने मला आत बोलावलं. मी कासमला म्हटलं, आईंना सांग, माझ्या नवऱ्याकडून चूक झाली, माफ करा. त्याने सांगितलं नाही. रडायलाच लागला, एवढा मोठा माणूस. त्याची आईच अरबीत बोलली, तो एकेक वाक्य हिंदीत सांगत गेला.

कॉस्मास इथवर आलाच नव्हता. पुलापाशी पायरीवर बसला. छातीवर हात. ओठ काळे पडले होते म्हणे. पाइप कासमच्या हातात दिला, तू वर जा, बघ अडकतो का. कासम वर जाऊन आला — नाही अडकला. दारांचं कासमला काय कळणार? त्याने गाडी आणतो, हॉस्पिटलला नेतो म्हटलं, तर कॉस्मासने त्याचा हात धरून वचन घेतलं. माझ्या बायकोला यातलं एक अक्षर नाही. ती मला कामच करू देणार नाही.

त्यानंतर आठवडाभर होता तो माझ्याजवळ. रोज बूट घालून वर्कशॉपला गेला, त्या चौकटी जोडत होता. मला म्हणाला गॅस झालाय. मी ओवा दिला.

परत निघताना ती पायरी दाखवायला सांगितली. बसले थोडा वेळ. कासमची आई म्हणाली, तिने खाली येऊन त्याला पाणी दिलं होतं, खजूर दिले होते, आणि तो उठेपर्यंत ती तिथून हलली नव्हती.

निदान कोणीतरी होतं त्याच्याजवळ.