पडद्यावरचं विमान

करमाड,
१० एप्रिल २०१९

चि. रामेश्वर यास,
रत्नाताईचे अ. आ.

टँकर दिवसाआड येतो. हे मेंढरं घेऊन गंगेकडं गेलेत. बाकी खुशाली.

माझी बानू तू कामाला आहेस त्या सेंटरात डोक्याला तारा लावून पडद्यावरचं विमान उडवायला लागली, तेव्हापासून जागेवर बसते. मन लागलं की विमान वर, भरकटलं की खाली, असं ती गल्लीभर शिकवत फिरते. काल अख्खी भाकरी न उठता खाल्ली. म्हणून मी तिच्या एडीएचडीच्या गोळ्या बंद केल्या. गुरुजी म्हणतात, वर्गात फरक नाही. त्यांचंच लक्ष नसेल, असं चारचौघांत सुनावून आले.

तिला सेंटरात घालताना सहीचा कागद वाचायला लागले, तर वाचत बसू नको, मी आहे ना, म्हणालास. भाऊ असावा तर असा. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
रत्नाताई

बजाजनगर,
१६ एप्रिल २०१९

ती. रत्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथं घरांवर तिसरे मजले चढले, नळ मात्र आठवड्यानं येतो. बानूला सांग, मामाकडं अंघोळ मिळणार नाही, हौस असेल तर ये.

ताई, गोळ्या बंद केल्यास ते बरं केलं नाहीस. डॉक्टरांना विचारून पुन्हा चालू कर. सगळा भार यंत्रावर टाकू नकोस. का ते विचारू नकोस, नोकरीच्या जागचं सगळं बोलता येत नाही. भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
रामेश्वर

करमाड,
२ जून २०१९

रामेश्वर यास,

फोनवर तुझा आवाज ऐकला तर विरघळेन, म्हणून लिहिते.

काल तुझ्या सेंटरच्या डॉक्टरांनी सगळ्या आईबापांना बोलावून त्यांचा अभ्यास संपल्याचं सांगितलं. निम्म्या पोरांची विमानं त्यांच्या मनावर उडतच नव्हती, यंत्रात आधीच भरून ठेवलेली, आपोआप वरखाली होणारी होती. यंत्राचा गुण खरा की भास, हे ताडून पाहायला तसं करतात म्हणे, आणि सहीच्या कागदावर ते छापलेलंही होतं. बानू त्या निम्म्यात होती. खऱ्या-खोट्या दोन्हीकडच्या आयांनी पोर सुधारल्याचं सारखंच सांगितलं. कुणाला काय लावलं ते ठाऊक नसलेल्या शाळेशाळेच्या गुरुजींना फरक कुठंच दिसला नाही. खोटी विमानं कोण लावायचं, असं मी विचारलं, तर त्यांनी तुझं नाव घेतलं.

बानूचं जावळ तुझ्या मांडीवर काढलं. वस्तरा लागेल म्हणून तूच तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतंस. त्याच हातांनी तारा लावत होतास, आणि तुला सगळं माहीत होतं. मला इशारा दिलास, तोही अर्धा. नोकरी राखलीस, बहीण नाही.

गोळ्या सुरू केल्या. गुरुजींची माफी मागितली. बानू मात्र विमान आपणच उडवलं, असं अजून सगळ्यांना सांगते. मी तिला काही सांगणार नाही. तू ये आणि तिला मांडीवर घेऊन तूच सांग. तोवर माझ्याकडं लोभ मागू नकोस.

रत्नमाला