नको म्हटलेलं रक्त

कुडवा, ऑक्टोबर २०१२

संघदीप दादा, जय भीम.

लोकेश दवाखान्यातून घरी आले. चार पायऱ्या चढल्या की अजून धाप लागते, पण काल त्यांनी स्वतः चहा केला.

मी जातीबाहेर, पोवारांच्या लोकेशशी लग्न केलं म्हणून तू सात वर्षं बोलला नाहीस. त्यांना न्यूमोनिया झालाय, प्लेटलेट उतरताहेत, हे कळताच मात्र कोहमाऱ्याहून रक्त द्यायला आलास. मी म्हटलं, "नको." तू विचारलंस, "काऊन? बौद्धाचं रक्त तुह्या सासरच्यायले चालत नाही काय?" आणि निघून गेलास.

दादा, डॉक्टरांनीच नको म्हटलं होतं. सुजलेल्या फुप्फुसाकडे प्लेटलेट धाव घेतात, तिथंच अडकतात आणि कधीकधी सूज आणखी वाढवतात. म्हणून रक्तात कमी दिसतात. कुठून रक्त जात नव्हतं, त्यामुळे बाहेरून द्यायची गरज नव्हती. सासूबाई तर तुझ्यासाठी डबा घेऊन उभ्या होत्या.

हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. सांगितलं नाही. सात वर्षांचा राग होता. तुलाही थोडं लागू दे, असं वाटलं. तू जिना उतरलास आणि मी रडत बसले.

आत्ता लोकेश म्हणाले, "पत्र कायले लिहून राहिली? भावाले भेटून सांग." म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी आम्ही दोघं बसनं येतो. दार उघड. त्या दिवशी रक्त लागणार नव्हतं, पण तू माझ्याशेजारी बाकावर बसायला हवा होतास.

तुझी,
अल्का